पावती कुणी फाडली?

२०२४ च्या एप्रिलमध्ये आबा आमच्याकडे ऑस्टिनला आले होते. ८ तारखेचं खग्रास सूर्यग्रहण ढगांच्या फटींतून पाहून झालं आणि त्या शनिवारी मी त्यांना आणि लेकीला घेऊन टेक्ससचं कॅपिटल दाखवायला गेले. गुलाबी ग्रॅनाइटची ती प्रचंड इमारत १८८८ सालची. भोवती २२ एकरांचं आवार, गर्द झाडं, बाकं आणि जागोजागी स्मारकं. अलामोच्या लढाईत पडलेल्यांचं, आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं, घोड्यावरच्या काउबॉयचं. बॉय स्काउटांची स्वातंत्र्यदेवतेची एक छोटी प्रतिकृतीही आहे. आबा प्रत्येकापाशी थांबत, चष्मा वर करून दगड निरखत पुढे जात होते.

कॅपिटलच्या मागे, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीकडे जाताना पायवाटेच्या कडेला एक शिळा लागते. सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद. वर झेंडा पकडलेला गरुड आणि त्रिकोणातला डोळा, खाली ज्यूंचे दोन षट्कोनी तारे आणि ख्रिस्ताचं एक चिन्ह. मध्ये बायबलमधल्या दहा आज्ञा. लेक तेव्हा सात वर्षांची, नुकतं भराभर वाचता येऊ लागलेलं, त्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचायची. 'आय अ‍ॅम द लॉर्ड दाय गॉड,' तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीवर अडली. "आई, ग्रेव्हन इमेजेस म्हणजे काय?"

"घडवलेल्या मूर्ती," मी म्हटलं.

"करायच्या नाहीत?"

"असं लिहिलंय."

ती काही बोलली नाही. दरवर्षी शाडूचा गणपती आम्ही घरीच करतो आणि त्याचा उंदीर तिच्याकडे असतो.

आबा मात्र वाकून अगदी तळाची ओळ बघत होते. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण अर्थ लावायला वेळ लागतो. टेक्ससच्या जनतेला आणि तरुणांना, फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ ईगल्स ऑफ टेक्सस यांच्याकडून भेट, १९६१. मी सांगितलं तसे ते म्हणाले, "म्हणजे सौजन्य." मग सरळ उभे राहून त्यांनी विचारलं, "जागा कुणाच्या नावावर?"

"सरकारच्या."

"मग पावती कुणी फाडली?"

आबांनी ३१ वर्षं सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून काढली. कुठलीही वास्तू दिसली की सातबारा आधी आणि सौंदर्य नंतर, ही त्यांची नजर. मी तेव्हा हसून विषय बदलला. पण त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. गेलं दीड वर्ष सवड मिळेल तशी मी त्या शिळेची गोष्ट वाचत आले आहे.

ईगल्स हे अमेरिकेतल्या जुन्या बंधुमंडळांपैकी एक. १८९८ साली सिअ‍ॅटलमध्ये काही नाट्यगृहांच्या मालकांनी ते काढलं. अशा मंडळांचं काम समजायला आपल्याला अवघड जाऊ नये. गिरणगावातली गावकरी मंडळं जशी आजाऱ्याला औषधाला, मेलेल्याच्या घरी क्रियाकर्माला हात द्यायची, तशीच ही माणसं वर्गणीतून एकमेकांचा दवाखाना आणि अंत्यविधी बघत. सरकारी विमा नव्हता तेव्हा कामगाराला या मंडळांचा केवढा आधार होता! त्यांच्याविषयी वाचताना मला आपुलकीच वाटत गेली, आणि पुढचं सगळं त्या आपुलकीतूनच लिहिते आहे.

शिळेची कल्पना मिनेसोटातल्या ई. जे. रूगेमर या न्यायाधीशांची. १९४० च्या दशकात त्यांच्यापुढे अल्पवयीन गुन्हेगारांचे खटले चालत. चोरलेल्या गाडीने एका माणसाला जखमी करणारा एक पोरगा त्यांच्यासमोर आला. दहा आज्ञा पाळायला शीक, असं त्यांनी त्याला सांगितलं, तर दहा आज्ञा म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं, अशी हकिकत आहे. न्यायाधीशांना ते लागलं. ते ईगल्सचे सभासद होते. त्यांनी मंडळापुढे प्रस्ताव ठेवला की दहा आज्ञांच्या छापील प्रती चौकटीत बसवून बालन्यायालयांत आणि शाळांत वाटाव्यात.

मंडळाने सुरुवातीला नाही म्हटलं. पुढे झालेल्या खटल्यांच्या कागदांत ही नोंद आहे, आणि मला या साऱ्या कथेत तीच जागा सगळ्यांत मोलाची वाटते. हे एका पंथाचं वाटेल, कुणावर लादल्यासारखं वाटेल, अशी भीती ईगल्सना स्वतःलाच वाटली होती. देणाऱ्यांनाच आपल्या देण्याविषयी शंका आली, ती त्यांनी बोलून दाखवली. किती समित्यांना हे जमतं?

त्यावर तोडगा निघाला तो असा: ज्यू, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एकत्र बसून सर्वांना चालेल असा मसुदा करायचा. काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं, कारण आज्ञा दहा यावर एकमत असलं तरी पहिली कुठली आणि दुसरी कुठली यावर नाही. 'मी तुझा देव परमेश्वर' हे वाक्य ज्यू परंपरेत पहिलं वचन आहे. अन्य देव नकोत आणि मूर्ती नकोत या बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या दोन वेगळ्या आज्ञा. कॅथलिक त्या एकात घेतात आणि लोभाविषयीची शेवटची आज्ञा दोनांत फोडतात. म्हणून शिळेवर आकडेच घातले नाहीत. वाचणाऱ्याने आपापल्या घरच्या रीतीने मोजावं. शेकडो वर्षं एकमेकांशी भांडलेल्या तीन परंपरांसाठी अशी जागा मोकळी ठेवणं हे मनाच्या मोठेपणाचं काम होतं, यात मला शंका नाही. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत 'सगळे' म्हणजे हे तीन, असंच बहुतेकांना वाटत होतं. १९५४ साली झेंड्याच्या प्रतिज्ञेत 'देवाच्या छायेखाली' अशा अर्थाचे शब्द आले, १९५६ साली 'देवावर आमचा विश्वास' हे देशाचं ब्रीद झालं. तिघांना चालेल ते सर्वांना चालेल, असा तो काळ होता. माझ्या घरातल्या कुणाचा पासपोर्टसुद्धा तेव्हा निघालेला नव्हता.

कागदाचा दगड झाला तो सिनेमामुळे. सेसिल बी. डिमिल त्या वेळी 'द टेन कमांडमेंट्स' करत होते. तो १९५६ साली आला. त्यांना रूगेमरांचा उपक्रम कळला आणि त्यांनी ब्राँझचे फलक सुचवले. न्यायाधीश म्हणाले, देवाने मोशेला ज्या पाट्यांवर आज्ञा दिल्या त्या दगडाच्या होत्या, आपल्याही ग्रॅनाइटच्या हव्यात. मिनेसोटात ग्रॅनाइटला तोटा नाही. मग गावोगावच्या बागांत, नगरपालिकांसमोर, न्यायालयांच्या आवारात शंभराहून जास्त शिळा उभ्या राहिल्या. काही ठिकाणच्या समारंभांना चार्लटन हेस्टन, युल ब्रिनर अशी सिनेमातली मंडळीही गेली. विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावी १९६५ साली मिसिसिपीला पूर आला, तेव्हा जी तरुण पोरं वाळूची पोती रचत राबली, त्यांच्या गौरवासाठी ईगल्सनी अशीच शिळा दिली. हे वाचून मला सांगलीचा २०१९ चा पूर आठवला, नावा घेऊन फिरणारी पोरं आठवली. त्यांचं कौतुक दगडावर कोरावंसं वाटणाऱ्या माणसांना मी परकं कसं म्हणू?

घरी परतल्यावर त्या रात्री आबांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या नोकरीतली, पण मी कधीच ऐकली नव्हती.

गावाचं नाव नको. पाण्याच्या टाकीशेजारी गावठाणातली मोकळी जागा होती, गुरुवारचा बाजार तिथे भरायचा. गावातलं तरुण मंडळ फार चांगलं होतं. रक्तदान करायचं, आजाऱ्याला रात्री-अपरात्री साताऱ्याला न्यायचं, सगळं तेच करत. त्यांनी वर्गणी काढून त्या जागेच्या कोपऱ्यात मारुतीचं छोटं देऊळ बांधलं, भोवती फरशी घातली, दोन बाकं ठेवली. बाकांवर 'सौजन्य' लिहिलं. मग म्हणाले, हे सगळं आम्ही ग्रामपंचायतीला अर्पण करतो, तसा ठराव करा. सरपंचांनी मांडला, कुणी विरोध केला नाही, आबांनी लिहिला. त्यांचं अक्षर अजूनही छापल्यासारखं आहे.

"त्या कोपऱ्यात बोंबील-सुकट घेऊन दोघी-तिघी बसायच्या," आबा म्हणाले. "वर्षानुवर्षं. ठरावानंतर दोन-तीन बाजार बसल्या. मग कुणीतरी म्हणालं, देवासमोर वास येतो. ओरडलं नाही कुणी, बरं का. नुसतं म्हणालं. पुढच्या गुरुवारी त्या ओढ्यापलीकडे बसल्या. तिथं गिऱ्हाईक येत नाही."

"मग तुम्ही?"

"मी काय? ठरावावर सही माझी. मारुतीनं त्यांना उठवलं नाही, बाळ. मंडळाच्या पोरांनीपण नाही. पंचायतीनं देऊळ आपलं म्हणून घेतलं, तेव्हाच ती जागा त्यांची कमी झाली. देणाऱ्यानं भक्तीनं दिलं. घेणाऱ्यानं विचारायला पाहिजे होतं."

ते देऊळ आजही आहे. आबा त्या गावी गेले की मारुतीला नमस्कार करतात, तेल घालतात. त्यांची भक्ती कमी झालेली नाही. तरीही तो ठराव त्यांच्या मनातून गेलेला नाही.

ऑस्टिनच्या शिळेवर दावा लावणाऱ्याची गोष्ट मी नंतर वाचली. थॉमस व्हॅन ऑर्डन हे एके काळचे वकील. सनद निलंबित झाली, घर गेलं, ऑस्टिनमध्ये तंबूत राहायचे. दिवसभर बसायला जागा हवी म्हणून आणि कायद्याची ओढ सुटली नव्हती म्हणून ते न्यायालयाच्या इमारतीतल्या सरकारी ग्रंथालयात जात. त्या वाटेवर ही शिळा. १९९५ पासून वर्षानुवर्षं तिच्यावरून गेल्यावर २००१ साली त्यांनी दावा दाखल केला. पैसे नव्हते, कागद त्याच ग्रंथालयात तयार केले, खालच्या न्यायालयांत स्वतःच बाजू मांडली. त्यांचं भांडण दहा आज्ञांशी नव्हतं, ख्रिस्ती धर्माशीही नव्हतं. राज्याने ती शिळा आपल्या अंगणात आपली म्हणून ठेवली, एवढ्याशी होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात अर्विन चेमरिन्स्की हे कायद्याचे प्राध्यापक त्यांच्या बाजूने उभे राहिले. राज्याच्या बाजूने उभे होते तेव्हाचे महाधिवक्ता ग्रेग अ‍ॅबट. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

२७ जून २००५ ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार. शिळा राहिली. त्याच दिवशी केंटकीतल्या न्यायालयांच्या इमारतींत १९९९ साली लावलेल्या दहा आज्ञांच्या तसबिरी मात्र पाच विरुद्ध चार मतांनीच घटनाबाह्य ठरल्या. दोन्हीकडे तराजू झुकवला तो न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी. त्यांचं मत मी तीन-चारदा वाचलं. शिळा ४० वर्षं उभी होती आणि त्या काळात कुणाला ती टोचल्याचं दिसत नाही. आता उखडायला गेलो तर जो धार्मिक तंटा टाळायचा तोच उभा राहील, असं ते म्हणतात. शिवाय तळाशी ईगल्सचं नाव ठळक आहे, त्यामुळे राज्य त्या मजकुरापासून थोडं लांब राहतं. आणि ही जागा शाळेची नाही. कोवळ्या मुलांच्या बाबतीत सरकारने फार जपून वागायला हवं.

४० वर्षांचा मुद्दा मला पटत नाही. बोंबीलवाल्या बायकांनीही कधी तक्रार केली नाही. कुणाला टोचलं नाही आणि कुणी बोललं नाही, या दोन गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात. ४० वर्षांत त्या वाटेवरून किती माणसं मान खाली घालून गेली असतील, त्याची नोंद कुठल्या दप्तरात असणार? पण उखडल्याने तंटा होईल हे मात्र मला पटतं. आबांनाही पटलं. मारुती हलवा असं ते कधीच म्हणाले नसते.

देणगीदाराच्या नावाचं काय? त्याचं उत्तर चारच वर्षांनी आलं. युटामधल्या प्लेझंट ग्रोव्ह गावाच्या बागेत ईगल्सनी १९७१ साली दिलेली अशीच शिळा आहे. समम नावाच्या एका छोट्या धर्मपंथाने विनंती केली की आमची सात सूत्रंही त्याच बागेत शिळेवर कोरून ठेवू द्या, खर्च आमचा. गावाने नकार दिला. २५ फेब्रुवारी २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक जागेवरचं कायमचं स्मारक कुणीही दिलेलं असो, ते सरकारचंच बोलणं असतं. आणि आपण काय बोलायचं हे सरकार ठरवू शकतं. म्हणजे एका निकालात देणगीदाराचं नाव राज्याला मजकुरापासून लांब नेतं, आणि दुसऱ्यात ती शिळा राज्याच्याच तोंडचं वाक्य होते. मी वकील नाही. पण हे दोन निकाल शेजारी ठेवले आणि मला आबांची पावती दिसली. देणारा कुणीही असो, सही घेणाऱ्याची. समम पंथाच्या लोकांना तेवढी सही मिळाली नाही.

योगायोगाने त्याच २००९ च्या २९ सप्टेंबरला आपल्याकडच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर, बागांत आणि सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा नावाने नवं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश दिला. जुन्यांचा विचार राज्यांनी एकेक करून करावा, असं ठरलं. नव्याला अटकाव करायचा आणि जुन्याला जपून हात लावायचा, हा विचार दोन्ही देशांत सारखाच येऊन थांबलेला दिसतो.

प्रत्येक दगडाला मी एकच माप लावू शकत नाही, हेही कबूल करायला हवं. मेरीलँडमध्ये ब्लेडन्सबर्गला रस्त्याच्या मधोमध ४० फुटी क्रूस आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४९ जणांची नावं त्यावर आहेत. मुलं गमावलेल्या आयांनी ते काम सुरू केलं, माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजनने १९२५ साली पुरं केलं. एका आईने लिहिलं होतं की माझा मुलगा फ्रान्समध्ये गेला, माझ्यासाठी हा क्रूस म्हणजे एका अर्थी त्याची कबरच. २०१९ साली तो क्रूस न्यायालयाने राहू दिला. त्या आईच्या ओळीपुढे माझे सगळे युक्तिवाद गळून पडतात. ती कुणाला आज्ञा देत नव्हती.

सार्वजनिक हा आपल्या भाषेतला जुना, कमावलेला शब्द आहे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तेही दानच होतं. स्वतःच्या मालकीचं होतं ते त्यांनी सर्वांचं केलं, आणि त्यासाठी जातभाईंचा रोष पत्करला. ईगल्सच्या शिळेपाशी उभं राहिलं की मला तो हौद आठवतो. इथे जागा आधीच सर्वांची होती.

आता अलीकडचं. टेक्ससने २०२५ साली कायदा केला: प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा निदान १६ इंच रुंद आणि २० इंच उंच फलक लावायचा. सही राज्यपालांची, म्हणजे ग्रेग अ‍ॅबट यांची. कायद्यात दिलेला मजकूर शब्दशः कॅपिटलमधल्या शिळेचाच आहे, आकड्यांशिवाय. आणि शाळेने फलक विकत घ्यायची सक्ती नाही. कुणी भेट दिला तर मात्र घ्यायचा आणि लावायचा. १ सप्टेंबरपासून अंमल. लगोलग खटले झाले, काही शाळा-जिल्ह्यांपुरती, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांपुरती, ऑगस्टमध्येच मनाईही आली. आमचा शाळा-जिल्हा त्यात नव्हता.

रूगेमरांनी कागदापासून सुरुवात केली होती. कागद दगडावर चढला, आणि ७०-७५ वर्षांनी दगडावरून उतरून पुन्हा कागदावर आला, थेट माझ्या लेकीच्या वर्गात. पायवाटेवरची शिळा आवडली नाही तर माणूस दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. तिसरीतलं मूल दिवसाचे सात तास कुठे जाणार? ज्या ब्रायरनी शिळा वाचवली, त्यांनीच शाळेविषयी बजावून ठेवलं होतं. मी शाळेला पत्र लिहिलं. रागाने नाही, बाईंवर माझा राग नाही, त्यांना कुणी विचारलेलंही नव्हतं. उत्तर सौम्य आलं: फलक देणगीतून मिळाला आहे.

मी ते आबांना फोनवर वाचून दाखवलं. तिकडे सकाळ होती, मागे पंपाचा आवाज येत होता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिहीत राहा. दप्तरात राहील. माझ्या ठरावाशेजारी कुणाचा एक कागद असता, तर बरं झालं असतं."

त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. लेकीने नेहमीप्रमाणे उंदीर केला होता, कान जरा मोठेच झाले होते. विसर्जनाला गणपतीबरोबर उंदीर पाठवायला ती तयार झाली नाही, म्हणून तो देवघराच्या कोपऱ्यात राहिला. मग वर्गात एक दिवस आला, घरची आवडती वस्तू नेऊन तिच्याविषयी सांगायचा. आदल्या रात्री ती उंदीर हातात घेऊन माझ्यापाशी आली.

"आई, हा नेला तर चालेल? तिथे लिहिलंय ना, मूर्ती करायच्या नाहीत."

मी म्हटलं, "तू केलायस ना? मग ने."

तिने तो टिश्यूत गुंडाळला, जेवणाच्या डब्यात भाजीशेजारचा कप्पा रिकामा करून त्यात ठेवला. दुपारी परत आली तेव्हा एक कान तुटला होता. सगळ्यांना हातात घेऊन बघायचा होता, ती म्हणाली, बावीसच्या बावीस जणांना. तुटलेला कान तिने जपून खिशात घालून आणला होता. पाणी लावून आम्ही तो बसवायचा प्रयत्न केला, पण वाळलेली शाडू पुन्हा धरत नाही.